पट्टा कोणत्या पायरीवर? लेथ, ड्रिल आणि पुलीचं गणित

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोंढ्याच्या किंवा बसस्टँडच्या आसपास लेथचं एखादं दुकान असतंच. उदगीर घ्या, सेलू घ्या, अंबाजोगाई घ्या. ट्रॉलीची पिन झिजली, पेरणी यंत्राचा शाफ्ट वाकला, उसाच्या चरकाचं बुश ढिलं झालं, की शेतकरी तो भाग पिशवीत घालून तिथं येतो. लेथ बहुतेक वेळा राजकोटचा नाहीतर बटाल्याचा. जॉब (कापायचा भाग) पकडणारा चक फिरतो, टूल लागतं, कीस निघतो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. मागच्या बाजूला मोटार, मोटारीवर छोटी पुली, पुढे मोठी पुली आणि मध्ये काळा पट्टा असतो, त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. पट्टा तुटला की नवा चढवायचा, तोवर तो ज्या पायरीवर आहे त्याच पायरीवर राहू द्यायचा, असंच बऱ्याच ठिकाणी चालतं.

काम साफ निघणार की टूल निळं पडणार, हे मात्र मोठ्या प्रमाणात त्या पट्ट्याच्या जागेवर ठरतं. आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्टला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींना हे सूत्र म्हणून शिकवलं जातं, परीक्षेत ते लिहिलंही जातं, पण मशीनसमोर उभं राहिल्यावर ते कामाला लावायचं राहून जातं. म्हणून इथे सूत्रापेक्षा त्यामागचं कारण सांगतो. कारण कळलं की आकडे आपोआप लक्षात राहतात.

सुरुवात मोटारीपासून करू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. थ्री-फेज इंडक्शन मोटारीच्या गुंडाळीत त्यामुळे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्या मागोमाग फिरतो. मोटार चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची) असेल तर हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर थोडा मागे राहतो, कारण मागे राहिल्याशिवाय त्यात जोरच तयार होत नाही. म्हणून मोटारीच्या पाटीवर साधारण १४४० लिहिलेलं दिसतं. दोन पोलच्या मोटारीवर २८८०च्या आसपास, सहा पोलच्या मोटारीवर ९६०च्या आसपास. मधला एखादा आकडा, समजा ५०० किंवा २२०, अशा साध्या मोटारीकडून थेट मिळत नाही. लोड कमी-जास्त झाला तरी ती आपला वेग फारसा सोडत नाही.

आता जॉबची गरज बघू. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. धातू कापताना टूलला फेऱ्यांशी काही देणंघेणं नसतं. टूलच्या टोकासमोरून धातूचा पृष्ठभाग किती वेगाने सरकतोय, एवढंच त्याला जाणवतं. हाच कटिंग स्पीड, मीटर प्रति मिनिटात मोजतात. ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट एक फेरी फिरला की टूलसमोरून त्याच्या परिघाएवढा, म्हणजे साधारण १५७ मिलिमीटर पृष्ठभाग जातो. १० मिलिमीटरची पिन एक फेरी फिरली की फक्त ३१ मिलिमीटर जातो. दोन्हींचे फेरे सारखे ठेवले, तर शाफ्टवर टूलला पाचपट वेग सोसावा लागतो.

किती वेग चालतो, ते दोन गोष्टींवर ठरतं: जॉबचा धातू आणि टूलचा धातू. एचएसएसच्या, म्हणजे हाय-स्पीड स्टीलच्या, टूलने माइल्ड स्टील (एमएस) कापताना मिनिटाला २५ ते ३० मीटर हा नेहमीचा आकडा. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबला साधारण २०, स्टेनलेसला १५च्या आसपास, पितळेला ५० किंवा त्याहून थोडा जास्त, अ‍ॅल्युमिनियमला त्याहीपेक्षा जास्त. कार्बाइडची टिप लावली तर माइल्ड स्टीलवरही १०० मीटरच्या पुढे जाता येतं, फक्त मशीन दणकट हवं.

यावरून फेरे काढायला तोंडी हिशेब पुरतो. कटिंग स्पीडला ३२० ने गुणायचं आणि जॉबच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं. ३२० हा आकडा १००० भागिले पाय (π) यातून येतो. खरा ३१८ आहे, पण दुकानात ३२० पुरतो. ५० मिलिमीटरचा एमएस शाफ्ट, २५ मीटर वेग: १६० फेरे. १० मिलिमीटरची पिन: ८०० फेरे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या बिडाच्या चाकाचं फेसिंग (सपाट तोंड कापणं), २० मीटर वेग: जेमतेम २१ फेरे. ही तिन्ही कामं एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच लेथवर येऊ शकतात. मोटारीकडे मात्र १४४० शिवाय दुसरा आकडा नाही.

आकडा चुकला तर नेमकं काय होतं? अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी २६ वर्षं धातू कापण्याचे प्रयोग करून १९०६ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. हाय-स्पीड स्टील हे टूलचं पोलाद व्यवहारात आणणाऱ्यांपैकी तेच एक. कटिंग स्पीड आणि टूलचं आयुष्य यांचा संबंध त्यांनी आकड्यांत बांधला, आणि तो थक्क करणारा आहे. एचएसएसच्या टूलचं आयुष्य वेगाच्या साधारण आठव्या घाताने कमी होतं. म्हणजे वेग फक्त २० टक्के वाढवला की आयुष्य चौपटीपेक्षा जास्त घटतं. वेग दीडपट केला की तासभर टिकणारं टूल अडीच मिनिटांच्या आत बोथट होतं. पट्ट्याची एक पायरी चुकली तर वेग दीडपट, दुप्पट सहज होतो. दिवसात चार वेळा टूल घासावं लागणाऱ्या दुकानात दोष नेहमी टूलच्या पोलादाचा असतो असं नाही. मी तर आधी पट्टा बघायला सांगेन.

उलट बाजूला, वेग गरजेपेक्षा फार कमी ठेवला तर टूल जळत नाही, पण टूलच्या धारेवर जॉबचाच धातू चिकटून बसतो. तो गोळा मध्येच तुटतो, पुन्हा बसतो, आणि पृष्ठभाग खरबरीत निघतो. शिवाय वेळ जातो तो वेगळाच.

मोटारीचा एक आणि जॉबला हवे असलेले अनेक, हा मेळ पुली घालते. त्यामागचा नियम एकाच वाक्याचा आहे: पट्टा सगळीकडे सारख्याच वेगाने धावतो. मोटारीवर ७५ मिलिमीटरची पुली आहे, १४४० फेरे घेतेय. तिचा परीघ साधारण २३६ मिलिमीटर. म्हणजे मिनिटाला ३४० मीटर पट्टा ती पुढे ढकलते. हाच पट्टा समोर ३०० मिलिमीटरच्या पुलीवरून जातो, जिचा परीघ ९४२ मिलिमीटर. ३४० मीटर पट्टा उलगडायला तिला ३६० फेरे पुरतात. व्यास चौपट, फेरे पावपट. म्हणून हिशेब असा: चालवणाऱ्या पुलीचे फेरे गुणिले तिचा व्यास, बरोबर चालणाऱ्या पुलीचे फेरे गुणिले तिचा व्यास. शेतातल्या कडबाकुट्टीलाही मोटारीवर लहान पुली आणि कुट्टीच्या चाकावर मोठी पुली असते, ती याच हिशेबाने.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग मात्र बरेच जण सोडून देतात आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. पुली फेरे कमी करते तेव्हा त्याच प्रमाणात पिळाचा जोर वाढवते. यालाच टॉर्क म्हणतात.

२ एचपीची मोटार म्हणजे जवळजवळ दीड किलोवॅट. १४४० फेऱ्यांवर तिचा टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटर असतो. ५० मिलिमीटरच्या शाफ्टला ही मोटार थेट जोडली, असं धरू. शाफ्टची त्रिज्या २५ मिलिमीटर, त्यामुळे टूलच्या टोकापाशी मिळणारा जोर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोचा. माइल्ड स्टीलमध्ये २ मिलिमीटर खोल आणि फेरीला ०.२ मिलिमीटर फीड (टूलचं पुढे सरकणं) असा कट घ्यायला ८०० न्यूटन तरी लागतात. कट लागताच मोटार घुटमळेल. आता मध्ये चौपट कमी करणाऱ्या पुल्या घातल्या. टॉर्क ४० न्यूटन-मीटर झाला, टूलपाशी १६०० न्यूटन मिळाले, तोच कट आरामात निघाला. मोटार तीच, वीज तेवढीच. कन्नडच्या घाटात भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढतो, त्यातलंच हे तत्त्व. थोडा जोर पट्ट्याच्या घर्षणात आणि बेअरिंगमध्ये जातो, पण फार नाही.

म्हणूनच मोठा व्यास आणि कमी फेरे यांची जोडी अगदी नीट जुळते. मोठ्या जॉबला टूलपाशी कमी फेरे हवे असतात, आणि टूलचा जोर केंद्रापासून लांब पडत असल्याने पिळाचा जोर जास्त हवा असतो. पुली दोन्ही एकदम देते.

आता पायऱ्यांकडे. दर जॉबला पुली काढून दुसरी बसवणं शक्य नाही. म्हणून तीन-चार व्यासांच्या पुल्या एकाच अंगात ओततात, त्याला स्टेप पुली किंवा कोन पुली म्हणतात. अशा दोन पुल्या समोरासमोर, उलट्या दिशेने बसवतात. एकीची मोठी पायरी दुसरीच्या लहान पायरीसमोर येते. समजा पायऱ्या २००, १५० आणि १०० मिलिमीटरच्या आहेत आणि आधीच्या हिशेबातला ३६० फेऱ्यांचा शाफ्ट ही पुली चालवतोय. २०० समोर १०० आल्यावर स्पिंडलला, म्हणजे चक बसवलेल्या मुख्य शाफ्टला, ७२० फेरे मिळतात, १५० समोर १५० आल्यावर ३६०, आणि १०० समोर २०० आल्यावर १८०.

इथे एक बारीक कौशल्य आहे. पट्टा एकच आहे, तो तिन्ही जागी सारखाच ताणलेला बसायला हवा. म्हणून समोरासमोरच्या पायऱ्यांची बेरीज सारखी ठेवतात: २०० अधिक १००, १५० अधिक १५०, १०० अधिक २००, सगळीकडे ३००. पट्टा आडवा, आठच्या आकड्यासारखा फिरवलेला असेल तर एवढ्यावर लांबी तंतोतंत जुळते. सरळ पट्ट्याला किंचित फरक पडतो. वरच्या उदाहरणात शाफ्टमधलं अंतर ६०० मिलिमीटर धरलं तर टोकाच्या पायऱ्यांवर मधल्या पायरीपेक्षा साधारण ४ मिलिमीटर जास्त पट्टा लागतो. मोटार ज्या सरकत्या पाटावर किंवा कब्ज्यावर बसवलेली असते, तिच्या हालचालीत हा फरक सहज भरून निघतो. घरच्या घरी नवी स्टेप पुली ओतून घेणारे ही बेरीज विसरले, तर एका पायरीवर पट्टा लोंबतो आणि दुसरीवर चढतच नाही.

१८० फेऱ्यांच्या खाली जायचं असेल तर जुन्या लेथवर बॅक गिअर असतो. स्पिंडलवरची कोन पुली स्पिंडलपासून सुटी करायची, आणि तिची गती मागच्या दोन गिअरच्या जोड्यांतून फिरवून परत स्पिंडलला द्यायची. हे प्रमाण आठास एक असेल तर आपल्या तीन वेगांना आणखी तीन जोडले जातात: ९०, ४५ आणि साधारण २२. सगळे एका ओळीत लिहून बघा: ७२०, ३६०, १८०, ९०, ४५, २२. प्रत्येक आकडा आधीच्याच्या निम्मा. १० मिलिमीटरच्या पिनला ७२०, ५० मिलिमीटरच्या शाफ्टला १८०, ३०० मिलिमीटरच्या बिडाच्या चाकाला २२. एक मोटार, दोन पट्टे, चार गिअर, आणि तिन्ही कामांची सोय झाली.

१०० फेऱ्यांचा सारखा फरक ठेवला तर चालणार नाही का? ७००, ६००, ५०० असं? नाही चालत. ७०० आणि ६०० मध्ये टूलला जेमतेम फरक जाणवतो, पण २०० आणि १०० मध्ये वेग एकदम निम्मा होतो. वर पायऱ्यांची गर्दी आणि खाली खड्डा, असं होतं. म्हणून वेगांमध्ये वजाबाकी सारखी न ठेवता भागाकार सारखा ठेवतात. मग व्यास कुठलाही असो, जवळच्या वेगावर जाताना होणारं नुकसान सारख्याच टक्क्यांचं राहतं. दुपटीचं प्रमाण तसं ढोबळ आहे. चांगल्या मशीनवर ते १.४ किंवा १.२५ असतं. हे आकडे फ्रान्सच्या लष्करातले अभियंते चार्ल्स रेनार यांच्या पद्धतीतून आले. १८७०च्या दशकात त्यांनी बलूनच्या दोरखंडांचे ढीगभर आकार अशाच गुणोत्तराच्या मालिकेत बसवून मोजक्यावर आणले होते. पुढे तीच मालिका मशीनच्या वेगांना प्रमाण ठरली.

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांशी मराठवाड्याची ओळख जुनी आहे. निजामाच्या काळात परभणी, जालना, सेलू, नांदेड या कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांत एका टोकाला इंजिन असे, त्यावर लांबच लांब लाइन शाफ्ट फिरे आणि त्याच्यावरच्या पुल्यांवरून प्रत्येक जिनला वेगळा पट्टा जाई. त्या काळातली लेथची दुकानंही जगभर अशीच होती. छताखाली शाफ्ट, प्रत्येक मशीनच्या डोक्यावर एक काउंटरशाफ्ट, म्हणजे मधला छोटा शाफ्ट. मशीन थांबवायचं तर इंजिन बंद करता येत नसे, म्हणून शेजारी शेजारी दोन पुल्या असत: एक शाफ्टला घट्ट, दुसरी मोकळी फिरणारी. काठीने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की मशीन थांबायचं. त्या चामड्याच्या सपाट पट्ट्याची पुली मधोमध किंचित फुगीर ठेवत, कारण सपाट पट्टा नेहमी जास्त व्यासाच्या बाजूला चढतो. फुगीर भाग मध्ये असला की पट्टा स्वतःच मध्यावर येऊन राहतो.

कोन पुलीची एक मोठी अडचण होती आणि ती हाय-स्पीड स्टीलने उघडी पाडली. पट्टा किती शक्ती वाहून नेतो, हे त्याचा ताण आणि त्याचा वेग या दोन्हींवर ठरतं. सर्वांत हळू पायरीवर चालवणारी पुली लहान, त्यामुळे पट्टाही हळू धावतो. आपल्या उदाहरणात सेकंदाला जेमतेम १.९ मीटर, तर वरच्या पायरीवर ३.८ मीटर. नेमका जिथे जास्त जोर हवा तिथेच पट्टा दुबळा पडतो आणि घसरतो. नव्या टूलला जड कट झेपायला लागला, पण पट्ट्याला झेपेना. त्यातून ऑल-गिअर लेथ आले. त्यांच्यात पट्टा मोटारीपासून हेडस्टॉकपर्यंत (स्पिंडल ज्यात बसतो त्या पेटीपर्यंत) एकाच, जलद वेगाने धावतो आणि वेग बदलण्याचं काम पेटीतले गिअर करतात. तरीही हेडस्टॉकवरची ती एक पुली किती व्यासाची, यावर लेथचे सगळे वेग अवलंबून राहतात. ती बदलून वेगळ्या मापाची बसवली की पेटीवरच्या तक्त्यातला एकही आकडा खरा उरत नाही. जुना लेथ विकत घेताना हे आवर्जून तपासावं.

आता बहुतेक ठिकाणी व्ही-बेल्ट असतो. त्याची पकड सपाट पट्ट्यापेक्षा इतकी चांगली का? पट्टा खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही तिरप्या भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो. ३८ अंशांच्या खाचेत त्यामुळे घर्षण जवळजवळ तिप्पट होतं. म्हणूनच जवळजवळच्या शाफ्टवर, लहान पुल्यांवरही तो चालतो. पण पट्टा झिजून तळाला टेकायला लागला की पाचर संपली. खाचेचा तळ चकाकताना दिसला, तर पट्टा कितीही ताणला तरी घसरणार. पट्टा किंवा पुली, किंवा दोन्ही बदलायची वेळ आली आहे. दुकानदाराकडे ए-४२ किंवा बी-६० असं मागतो त्यातलं अक्षर पट्ट्याचा सेक्शन सांगतं: ए म्हणजे वर १३ मिलिमीटर रुंद, बी म्हणजे १७. आकडा म्हणजे आतल्या बाजूने इंचातली लांबी. बी सेक्शनचा जाड पट्टा ७५ मिलिमीटरच्या पुलीवर वाकवला तर तो आतून तडकतो. त्याला १२५ मिलिमीटरच्या आसपास पुली हवी. वेग आणखी कमी करायचा म्हणून मोटारीवरची पुली लहान लहान करत जाणं इथेच अडतं. शिवाय लहान पुलीवर पट्ट्याचा वेढा कमी बसतो, पकडही कमी होते.

ताण किती ठेवावा? दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबला, तर मीटरभर अंतराला साधारण १६ मिलिमीटर दबावा. घसरतोय म्हणून कचकचून ताणला की बुश आणि बेअरिंग तापतात, आणि पट्ट्याचे पैसे वाचवताना स्पिंडलचं काम निघतं.

ड्रिल मशीनवर पायरी बदलणं सर्वांत सोपं असतं, तरी सर्वांत कमी बदलली जाते. वरचं झाकण उघडलं की चार किंवा पाच पायऱ्यांच्या दोन पुल्या दिसतात. एमएसमध्ये २५ मीटरच्या वेगाने ६ मिलिमीटरच्या ड्रिलला १३०० च्या आसपास फेरे हवेत, १२ मिलिमीटरच्या ड्रिलला ६७०, २५ मिलिमीटरच्या ड्रिलला ३२०. तिन्ही ड्रिल एकाच पायरीवर चालवली की जाड ड्रिलची टोकाची धार निळी पडते आणि बारीक ड्रिल दाबून दाबून तुटतं. ट्रॉलीच्या साठ्याला २० मिलिमीटरचं भोक पाडताना ड्रिल किंचाळत असेल, तर मशीन तुम्हाला पायरी खाली घ्यायला सांगतंय.

पुली वेग वाढवायलाही वापरतात, आणि तिथे जिवाचा प्रश्न असतो. २०० मिलिमीटरचा ग्राइंडिंग व्हील २८८० फेऱ्यांवर फिरला की त्याचा काठ सेकंदाला ३० मीटर वेगाने जातो. व्हीलवर कमाल वेग छापलेला असतो, आणि साध्या व्हीलसाठी तो याच्यापेक्षा फार वर नसतो. पट्ट्यावरच्या ग्राइंडरला कुणी मोटारीकडची पुली दीडपट मोठी लावली, तर व्हीलला फाडणारा ताण सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. फुटलेल्या व्हीलचा तुकडा हेल्मेटलाही दाद देत नाही. ग्राइंडरची पुली अंदाजाने कधीही बदलू नये.

पॉवर प्रेसचं गणित वेगळं आहे, आणि वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना ते माहीत असावं. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर आसपास सुटे भाग बनवणारी कितीतरी वर्कशॉप वाढली, आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी प्रेसचा खडखडाट दिवसभर चालतो. प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, हीच मोठी पुली असते. मोटार ते सतत फिरवत राहते, आणि पत्रा कापायच्या क्षणी साठलेली ऊर्जा वापरली जाते. ही साठवण वेगाच्या वर्गावर चालते. लेथच्या अनुभवावरून हळू म्हणजे जास्त जोर असं समजून मोटारीची पुली लहान केली आणि फ्लायव्हीलचा वेग निम्मा झाला, तर साठलेली ऊर्जा पावपट राहते आणि पंच पत्र्यात अडकून बसतो.

पायऱ्या नकोत, हवा तो वेग सलग मिळावा, यासाठी दोन वाटा आहेत. एक व्हेरिएबल पुली. तिच्या दोन तिरप्या तबकड्या जवळ-दूर सरकतात. जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या बाजूला, मोठ्या व्यासावर ढकलला जातो. दूर गेल्या की आत उतरतो. समोरच्या पुलीत स्प्रिंग असते, ती उलट वागून पट्टा ताणलेला ठेवते. काही मिलिंग मशीनच्या हेडमध्ये हीच रचना असते, आणि गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही. ती मशीन फिरत असतानाच बदलायची असते. बंद मशीनवर चाक जोराने फिरवलं तर तबकड्या पट्ट्याला चिरडतात.

दुसरी वाट व्हीएफडीची. हे इलेक्ट्रॉनिक यंत्र विजेची फ्रिक्वेन्सीच बदलतं. ५० ऐवजी २५ हर्ट्झ दिले की १४४० ची मोटार ७०० च्या आसपास फिरते. बटण फिरवायचं, पट्ट्याला हात लावायचा नाही. अलीकडे दुकानांमध्ये ती झपाट्याने येत आहेत आणि ते चांगलंच आहे. पण ती बसवताना पुल्या काढून टाकू नका. पुलीने वेग निम्मा केला की टॉर्क दुप्पट होतो. व्हीएफडीने वेग निम्मा केला की टॉर्क होता तेवढाच राहतो आणि मोटारीची शक्ती निम्मी होते. ५ हर्ट्झवर २ एचपीच्या मोटारीकडून जेमतेम पाव एचपीही मिळत नाही. वर तिचा थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्याने तोही मंद होतो आणि मोटार तापते. मोठ्या चाकाच्या फेसिंगला व्हीएफडीवर फेरे २१ पर्यंत खाली येतात, पण टूल लागताच चक थांबतो, ही तक्रार यातूनच येते. पट्टा हळू पायरीवर घ्या, बॅक गिअर लावा, आणि मग व्हीएफडीने मधले वेग साधा. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथमध्येसुद्धा स्पिंडल मोटारीपासून स्पिंडलपर्यंत अनेकदा पट्टा आणि पुल्याच असतात, तेही याच हिशेबाने निवडलेले.

गावाकडच्या दुकानाला आणखी एक गोष्ट लागू आहे. उन्हाळ्यात पंपांचा लोड वाढला की व्होल्टेज पडतं. इंडक्शन मोटारीची जोर देण्याची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. व्होल्टेज २० टक्के पडलं तर ती ६४ टक्क्यांवर येते. अशा वेळी तोच कट तसाच रेटला तर मोटार जास्त अँपिअर ओढते आणि गुंडाळी जळते. पट्टा एक पायरी खाली घेतला आणि कट थोडा हलका केला की काम चालू राहतं.

पट्टा बदलताना मेन स्विच बंद हवा, नुसतं मशीनचं बटण नाही, आणि पुली पूर्ण थांबलेली हवी. फिरत्या पट्ट्याला हाताने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ढकलून पायरी बदलणारे उस्ताद आजही दिसतात. त्यांच्या हाताखालची पोरं तेच शिकतात. गळ्यातला गमजा, सैल बाही, ओढणी, बोटातली अंगठी, यांतलं काहीही पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. गार्ड अडचणीचा वाटतो म्हणून काढून कोपऱ्यात टेकवलेला असेल, तर तो आजच परत लावा.

आपल्या मशीनचे खरे वेग माहीत करून घेणं एका दुपारचं काम आहे. सर्व पायऱ्यांचे व्यास मोजा. व्ही-बेल्ट असेल तर बाहेरचा व्यास धरू नका. पट्टा खाचेत बुडून बसतो, त्यामुळे कामाचा व्यास काही मिलिमीटरने कमी असतो, आणि लहान पुलीवर हा फरक हिशेब बिघडवण्याइतका मोठा असतो. मोटारीच्या पाटीवरचे फेरे घ्या, प्रत्येक पायरीचा वेग काढा, घसरणीसाठी त्यातून दोन-तीन टक्के वजा करा. फेरे मोजणारा टॅकोमीटर मिळाला तर त्याने पडताळून पाहा. मग हेडस्टॉकवर ऑइल पेंटने तीन रकाने लिहा: पायरी, फेरे, आणि त्या फेऱ्यांवर एचएसएसने एमएसचा किती व्यासाचा जॉब चालेल तो आकडा. पुढे कधी मोटार किंवा पुली बदलली, तर तो तक्ता खरवडून नव्याने लिहा.